इंग्रजीतील लहान शब्द आणि त्यांची आद्याक्षरे

प्राणहिता आणि गोदावरी यांचा संगम जेथे होतो, तेथून जवळच प्राणहितेच्या डाव्या तीरावर सिरोंचा हे तालुक्याचे गाव आहे. पलीकडच्या तीरावर कालेश्वरचे प्रसिद्ध देवस्थान, ते तेलंगणात. पूर्वेस इंद्रावती ओलांडली की बस्तरचा मुलूख लागतो; तो छत्तीसगडात. निजामाने १८६० साली हा गोदातीरचा प्रदेश इंग्रजांच्या स्वाधीन केला, तेव्हा ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या एका नव्या जिल्ह्याचे सिरोंचा हे मुख्य ठाणे झाले. तो जिल्हा १८७४ मध्ये मोडला व सिरोंच्याचा भाग चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. पुढे १९८२ साली चांद्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्या जिल्ह्याचे अगदी दक्षिणेकडील टोक म्हणजे सिरोंचा.

अशा तिठ्यावरच्या गावात भाषाही तीन नांदाव्यात यात नवल नाही. घरात आणि बाजारात बहुतेकांच्या तोंडी तेलुगू, कचेरीत व शाळेत मराठी, आणि रानातील पाड्यांवर माडिया-गोंडी. त्यात २००० सालापासून महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाच्या पुढ्यात एकदम चार भाषांचे पान वाढले गेले. एवढ्या भाषा म्हणजे त्या पोराच्या डोक्यावर ओझेच, असे शहाणी माणसे म्हणतात; आणि पुष्कळदा त्या ओझ्यातून पहिली खाली टाकायची ती घरची भाषा, असाही त्यांचा सल्ला असतो. हा सल्ला कितपत योग्य आहे, हे इंग्रजीतील अगदी लहान शब्दांच्या आरंभीची दोन अक्षरे तपासून पाहिली असता बरेच स्पष्ट होते.

लहान शब्दच का, असे कोणी विचारील. इंग्रजी शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचा अनुभव असा आहे की, ‘एलिफंट’, ‘अम्ब्रेला’ असे लांबलचक शब्द मुले चटकन उचलतात. हत्तीचे चित्र दाखविता येते, छत्री तर कोपऱ्यातच उभी असते. घोटाळा होतो तो ‘व्हेअर’, ‘देअर’, ‘व्हेन’, ‘देन’, ‘दॅट’, ‘व्हॉट’ या चिमुकल्या शब्दांचा. यांचे चित्र निघत नाही. सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात, आणि वाक्य तर त्यांच्यावाचून चालत नाही. मग मूल पहिली दोन अक्षरे पाहून अंदाजाने काहीतरी ठोकून देते. शिक्षक रागावतात. परंतु आरंभीच्या अक्षरांत अर्थ असला पाहिजे ही त्या मुलाची समजूत मुळीच वेडगळ नाही. त्यात बरेच तथ्य आहे. मात्र ते तथ्य दोन निरनिराळ्या प्रकारचे आहे, आणि ते दोन प्रकार एकमेकांत मिसळू देता कामा नयेत.

पहिला प्रकार कुळाचा. मराठीत प्रश्न विचारणारे शब्द घ्यावेत: कोण, काय, कोठे, केव्हा, कसा, किती, का. एकूण एक शब्द ‘क’ने सुरू होतो. दूरची वस्तू दाखविणारे शब्द घ्यावेत: तो, तेथे, तेव्हा, तसा, तितका. येथे सर्वत्र ‘त’. म्हणजे आरंभीचे अक्षर सांगते की बोलणारा विचारतो आहे की दाखवितो आहे. आणि शेवटचा भाग सांगतो की गोष्ट स्थळाची आहे, काळाची आहे की परिमाणाची. ‘थे’ आले की स्थळ, ‘व्हा’ आले की काळ. आपण ही योजना बोलताना दिवसातून शेकडो वेळा वापरतो. व्याकरणाच्या पुस्तकात सर्वनामांचे प्रकरण आले म्हणजे मात्र तीच कंटाळवाणी वाटते.

इंग्रजीतही हुबेहूब हीच योजना आहे. डब्ल्यू आणि एच या दोन अक्षरांनी आरंभ झाला की प्रश्न: हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, व्हिच. टी आणि एच यांनी आरंभ झाला की दूरचा निर्देश: दॅट, देअर, देन, दस. नुसता एच आला की जवळचा निर्देश: हिअर. जुन्या ग्रंथांत भेटणारे ‘हिदर, दिदर, व्हिदर’ म्हणजे इकडे, तिकडे, कोणीकडे; आणि ‘हेन्स, देन्स, व्हेन्स’ म्हणजे येथून, तेथून, कोठून. शेवट तोच, आरंभ तेवढा बदलतो. ‘हाऊ’ हा शब्द एकटाच एचने सुरू होऊन ‘कसे’ असे विचारतो म्हणून तो बंडखोर वाटतो. परंतु तोही याच घराण्यातला असून वाटेत त्याची एक डब्ल्यू तेवढी गळून पडली आहे.

आता सिरोंच्याच्या बाजारातील तेलुगू ऐकावी. ‘इक्कड’ म्हणजे येथे, ‘अक्कड’ म्हणजे तेथे, ‘एक्कड’ म्हणजे कोठे. ‘इप्पुडु’ म्हणजे आता, ‘अप्पुडु’ म्हणजे तेव्हा, ‘एप्पुडु’ म्हणजे केव्हा. ‘इला, अला, एला’ म्हणजे असे, तसे, कसे. आणि ‘इंत, अंत, एंत’ म्हणजे इतके, तितके, किती. आरंभी ‘इ’ असली की जवळचे, ‘अ’ असला की दूरचे, ‘ए’ असला की प्रश्न. बोलीत उच्चार थोडे इकडचे तिकडे होतात, पण सांगाडा हाच. कोष्टकाच्या दृष्टीने पाहिले तर तिन्ही भाषांत तेलुगूचेच काम सर्वांत चोख आहे. मराठीत काळाच्या ओळीत जवळच्या घरात ‘आता’ हा परका शब्द येऊन बसतो, इंग्रजीत त्याच घरात ‘नाऊ’ बसतो. तेलुगूची ती ओळ मात्र अखंड आहे. बिशप कॉल्डवेल यांनी १८५६ साली द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केले, त्यातही या स्वरांचा विचार केलेला आहे. परंतु सिरोंच्याच्या मुलाला कॉल्डवेलची गरज नाही. शाळेची पायरी चढण्यापूर्वीच ते कोष्टक त्याच्या जिभेवर असते. ‘हिअर, देअर, व्हेअर’ हे तीन शब्द त्याला नवे आहेत. पण एक अक्षर बदलून तीन दिशा दाखविण्याची युक्ती नवी नाही. ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे.

येथे एक शंका येईल. मराठीचा ‘क’ आणि इंग्रजीची डब्ल्यू-एच, मराठीचा ‘त’ आणि इंग्रजीची टी-एच, ही जोडी योगायोगाने जमली की काय? नाही, ही जोडी रक्ताच्या नात्याची आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे व्याख्यान देताना संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच लुप्त झालेल्या भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे मत मांडले. त्यानंतर १८१८ मध्ये रास्क या डॅनिश पंडिताने आणि १८२२ मध्ये याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने जर्मन कुळातील भाषांत व्यंजने कोणत्या नियमाने पालटली हे दाखवून दिले. संस्कृतात जेथे ‘प’ तेथे इंग्रजीत ‘फ’: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. जेथे ‘त’ तेथे टी-एच: त्रि आणि थ्री, तृष्णा आणि थर्स्ट. जेथे ‘क’ तेथे ‘ह’. आणि मूळच्या त्या ‘क’मागे पुष्कळदा ‘व’चा ध्वनीही असे, म्हणून ‘ह्व’. जुन्या इंग्रजीत हे सर्व प्रश्नवाचक शब्द आधी एच आणि मग डब्ल्यू असेच लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर लेखकांच्या नव्या वळणात ही दोन अक्षरे उलटी झाली, ती आजतागायत तशीच आहेत. संस्कृतातील ‘कः’ आणि इंग्रजीतील ‘हू’ हे सख्खे भाऊ आहेत. ‘कतर’, म्हणजे दोहोंपैकी कोणता, याचा भाऊ ‘व्हेदर’. ‘चक्र’ आणि ‘व्हील’ यांचेही नाते असेच आहे. मराठी माणूस ‘व्ह’ म्हणतो तो बहुधा लेखनाकडे पाहून म्हणतो. दक्षिण इंग्लंडातील लोकांनी तो हकार केव्हाच टाकून दिला; जुन्या वळणाच्या स्कॉटिश व आयरिश बोलण्यात मात्र तो अजून ऐकू येतो.

टी-एच या जोडीत आणखी एक गंमत दडलेली आहे, आणि ती देवनागरी लिपी जाणणारासच पटकन दिसते. इंग्रज मनुष्य दोन्ही ठिकाणी टी-एच असेच लिहितो. पण आपण एका गटास ‘द’ लावतो व दुसऱ्यास ‘थ’. दॅट, दिस, देअर, देन, दे, दाऊ, दो, दस हा एक गट. थिन, थिक, थिंक, थॉर्न, थंब, थीफ हा दुसरा. पहिल्या गटात एकही वस्तू नाही, एकही क्रिया नाही. ते सारे निर्देश करणारे किंवा वाक्य जोडणारे शब्द आहेत. दुसऱ्या गटात वस्तू आहेत, गुण आहेत, क्रिया आहेत. वाक्यात ज्या शब्दांवर जोर पडत नाही त्यांचा ‘थ’ चौदाव्या शतकाच्या सुमारास मऊ पडून ‘द’ झाला, आणि ज्यांच्यावर जोर पडतो त्यांचा कठोर राहिला. इंग्रजीच्या रोमन लेखनात हा भेद दिसत नाही. मराठी मुलाच्या वहीत तो उघड दिसतो. ‘थ्रू’ हा एकच लहानसा शब्द या नियमास जुमानीत नाही. त्याच्या ‘थ’ला लागून ‘र’ आला आहे, म्हणून तो कठोर राहिला.

मग सगळे इतके जुळत असताना मराठी मुलगा चुकतो कोठे? तो चुकतो ‘ज’पाशी. मराठीत तिसरी एक मालिका आहे: जो, जेथे, जेव्हा, जसा, जितका. ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ’ असे आपण म्हणतो. इंग्रजीत ही वेगळी मालिका नाही. तेथे प्रश्नाचेच शब्द या कामाला जुंपले आहेत. ‘व्हेन’ म्हणजे केव्हा हेही खरे आणि जेव्हा हेही खरे. ‘हू’ म्हणजे कोण आणि जो, दोन्ही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांनी या एका गोष्टीपायी किती पाने खोडली असतील याचा हिशेब नाही. ‘हू म्हणजे कोण’ असे एकदा पाठ झाले की ‘मुलगा कोण काल आला’ असे भाषांतर ठरलेलेच. शब्दाचा एकच अर्थ पाठ करविला, हा दोष पाठ करविणाराचा आहे, मुलाचा नव्हे. तेलुगू मुलाची अडचण निराळी. त्याच्या बोलण्यात ‘जो आला तो’ अशी रचना सहसा नसतेच. ‘वच्चिन अब्बायि’, म्हणजे ‘आलेला मुलगा’, असे तो दोन शब्दांत आटोपतो. त्याला ‘जो–तो’ची मराठी रचनाही शाळेतच शिकावी लागते आणि ‘हू’ची इंग्रजी रचनाही. पण मराठीतही ‘आलेला मुलगा’ असतोच. शिक्षकाने तेथून आरंभ केला, ‘आलेला मुलगा’चा ‘जो आला तो मुलगा’ केला आणि मग ‘हू’कडे वळला, तर तीन पायऱ्यांत काम होते. एकदम उडी मारावयास सांगितली तर पाय मोडतो.

येथवर वंशपरंपरेचे झाले. दुसरा प्रकार संगतीचा. तो अधिक मनोरंजक आहे आणि अधिक फसवाही.

इंग्रजीत जी-एल या अक्षरांनी सुरू होणारे कितीतरी लहान शब्द प्रकाशाशी किंवा दृष्टीशी निगडित आहेत. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लॉस, ग्लेअर, ग्लिम्प्स, ग्लान्स, ग्लास. तसेच एस-एन यांनी सुरू होणारे शब्द नाकाभोवती घोटाळतात: स्नोअर म्हणजे घोरणे, स्निफ म्हणजे हुंगणे, स्नॉर्ट म्हणजे फुरफुरणे, स्नाउट म्हणजे जनावराचे नाकाड, स्नीझ म्हणजे शिंकणे, तुच्छतेने नाक मुरडून हसणे ते स्नीअर. अशा आद्याक्षरांकडे प्रथम पद्धतशीर लक्ष वेधणारांपैकी एक म्हणजे जॉन वॉलिस. हा ऑक्सफर्डचा गणिताचा प्राध्यापक. अनंताचे आडव्या आठाच्या आकाराचे चिन्ह रूढ करणारा तोच. १६५३ साली त्याने इंग्रजीचे व्याकरण लॅटिन भाषेत लिहिले आणि त्यात कोणती जोडाक्षरे कोणता भाव सुचवितात याची यादी दिली. विसाव्या शतकात या गोष्टीस शास्त्रीय नाव दिले ते जे. आर. फर्थ यांनी, १९३० सालच्या आपल्या ‘स्पीच’ या छोट्या पुस्तकात: ‘फोनीस्थीम’. हे फर्थसाहेब १९१९ पासून १९२८ पर्यंत लाहोरास पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. हिंदी विद्यार्थ्यांस इंग्रजी शिकविता शिकविता स्वतःच्या भाषेतील असे बारकावे त्यांच्या अधिक लक्षात आले असतील, असे अनुमान करण्यास हरकत नाही. परकी माणसे विचारू लागली म्हणजेच आपल्या घरातील वस्तू आपल्याला दिसू लागतात.

या संगतीच्या शब्दांचे मूळ शोधू गेले असता फार मौज आढळते. ग्लो, ग्लास हे खरोखरच चकाकणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूचे वंशज आहेत. त्याच धातूपासून इंग्रजीत गोल्ड आणि यलो हे शब्द आले, व आपल्याकडे हिरण्य, हरि आणि हरिद्रा, म्हणजे स्वयंपाकघरातली हळद, हेही तिकडचेच. पण ग्लान्स हा या वंशाचा नव्हे. तो फ्रेंचांच्या बर्फावरून घसरत आला. त्याचा पहिला अर्थ निसटते लागणे असा होता, आणि जी-एलच्या शेजारात राहून तो नजरेचा शब्द बनला. ग्लॅमर या शब्दाची कथा तर कोणत्याही शाळकरी मुलास खरी वाटणार नाही. तो ‘ग्रामर’ या शब्दाचा स्कॉटलंडातील अपभ्रंश आहे. व्याकरण जाणणारा म्हणजे मंत्रतंत्रही जाणणारा, अशी अडाणी लोकांची समजूत. म्हणून त्याचा अर्थ जादू, मोहिनी असा झाला. वॉल्टर स्कॉटच्या लेखनातून तो सर्वत्र पसरला आणि आज चित्रपटातील झगमगाटास लागू पडतो. व्याकरणाचे असे सोने अन्यत्र कोठे झालेले ऐकिवात नाही! स्नीझचेही तसेच. जुन्या इंग्रजीत हा शब्द एफ-एनने सुरू होई. अशा आरंभाचे शब्द भाषेतून नाहीसे झाले तेव्हा हा एकटा पडला, आणि शेजारी घोरणारे, हुंगणारे शब्द पाहून त्यांच्या आळीत राहावयास गेला.

परंतु म्हणून जी-एल दिसले की प्रकाश, असा नियम बांधू गेल्यास हसे होईल. ग्लव्ह म्हणजे हातमोजा, ग्लू म्हणजे सरस, ग्लटन म्हणजे खादाड; यांत कसला उजेड? स्नेक आणि स्नेल यांचा नाकाशी संबंध नाही. ते दोघे सरपटण्यावरून आले. विशेषनामांचा तर प्रश्नच नाही. सिरोंचा तालुक्यात ग्लासफोर्डपेठा नावाचे एक गाव आहे. अप्पर गोदावरी जिल्ह्याच्या काळात कॅप्टन ग्लासफर्ड नावाचा इंग्रज डेप्युटी कमिशनर येथे होता, त्याची आठवण ते नाव देते. त्या गावात कोणी आरशांचा किंवा काचेचा कारखाना शोधू लागला, तर त्याला तेथे तेलुगू ‘पेठ’ तेवढी सापडेल.

एस-टी या जोडीत दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. स्टँड, स्टेड, स्टूल हे ‘स्था’ धातूचे. येथे ‘त’चा टी-एच झाला नाही, कारण पुढे ‘स’ उभा राहिला तर ग्रिमच्या नियमाची मात्रा चालत नाही. आपले ठाणे, ठाव, ठेवणे हे शब्दही प्राकृताच्या वाटेने त्याच धातूकडे जातात. स्टॉप मात्र उपरा आहे. त्याचे मूळ भोकात बोळा कोंबण्याशी आहे, आणि बोळा कोंबला की प्रवाह थांबतो म्हणून तो थांबण्याच्या घरात शिरला. आणि स्टार? तो उभा राहतो म्हणून स्टार नव्हे. त्याचे मूळ स्वतंत्र असून आपली ‘तारा’ त्याची बहीण आहे.

संगतीचे असे शब्द मराठीत थोडे नाहीत. किंबहुना इंग्रजीपेक्षा आपलेच भांडार मोठे ठरेल. ‘झ’ हे एकच अक्षर घ्यावे. झळकणे, झळाळी, झगमग, झकाकणे, झलक, झिलई: सारा प्रकाश. पण त्याच अक्षराची दुसरी आळी पाहावी: झटकन, झरझर, झपझप, झडप, झपाटा, येथे सारी घाई. आणि झाड, झोप, झोळी हे बिचारे कोणत्याच आळीत नाहीत. इंग्रजीच्या जी-एलहून हे तिळमात्र वेगळे नाही. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी कोशाची, म्हणजे १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीची, पाने चाळली तर अशा शब्दांच्या रांगाच्या रांगा दिसतात.

आता कोणी म्हणेल की ‘झ’च्या उच्चारातच काही लखलखणारे आहे, ‘थ’च्या उच्चारातच काही थबकणारे आहे. हा वाद जुना आहे. काक हे नाव कावळ्याच्या आवाजाचे अनुकरण होय, असे यास्काचार्यांनी निरुक्तात म्हटले. पण औपमन्यवांना ते मान्य नव्हते, हेही त्यांनीच नोंदून ठेवले. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे असे मीमांसक म्हणाले, तो संकेताने ठरला असे नैयायिक म्हणाले. युरोपात सोस्यूर यांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला, त्याने नैयायिकांचीच बाजू घेतली. या वादाचा निकाल सिरोंच्याच्या बाजारात एका शब्दाने बराचसा लागतो. तेलुगूत ‘तळतळ’ म्हणजे लखलखाट. घासलेले पितळी भांडे तळतळ चमकते. मराठीत ‘तळतळ’ म्हणजे जिवाची काहिली, आणि ती दुसऱ्याच्या माथी मारली की तळतळाट. दोन्ही भाषांत अक्षरे तीच, द्विरुक्ती तीच, बोलणारी माणसेही पुष्कळदा एकाच आळीतली. अक्षराच्या पोटात अर्थ उपजतच असता तर एकाच्या तोंडचे कौतुक दुसऱ्याला शाप वाटले नसते. ज्या शब्दांच्या शेजारी एखादा शब्द राहतो, त्यांचा रंग त्याच्यावर चढतो, इतकेच. आणि शेजार भाषेभाषेत वेगळा असतो.

म्हणून वर्गात या दोन प्रकारांचा उपयोगही निरनिराळ्या रीतीने करावा लागतो. संगतीचे शब्द गमतीने, वर्षातून एखादा तास, वरच्या वर्गातील मुलांना यादी करावयास द्यावेत. अर्थ ओळखण्याची किल्ली म्हणून कधीच देऊ नयेत. कुळाचे शब्द मात्र पहिल्या वर्षीच, आणि कोष्टकानेच शिकवावेत. त्यात लेखनाचे कितीतरी घोटाळे आपोआप मिटतात. ‘व्हेअर’ म्हणजे कोठे आणि ‘वेअर’ म्हणजे होते, यांत मुले हमखास गल्लत करतात. कारण फरक एका एचचा. परंतु पहिला शब्द ‘क’च्या घरचा असल्याने त्याच्या अंगावर एच आहे. दुसरा संस्कृत ‘वस्’ धातूच्या, म्हणजे आपल्या ‘वस्ती’च्या घरचा; त्याच्यात मुळी ‘क’ नव्हता, मग एच कोठून येणार? ‘देअर’ हा उच्चार दोन प्रकारे लिहितात. तेथे असा अर्थ असेल तेव्हा शेवट ‘हिअर’ आणि ‘व्हेअर’ यांच्यासारखाच, ई-आर-ई; त्यांचा असा अर्थ असेल तेव्हा शेवट निराळा, कारण तो शब्द स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी इंग्लंडात आणला. ‘देन’ आणि ‘दॅन’ यांत मूल चुकले तर त्याला फार बोलू नये. ते दोन्ही मुळात एकच शब्द होते आणि सुमारे १७०० पर्यंत खुद्द इंग्रजही त्यांच्या लेखनात सरमिसळ करीत.

फळ्यावर तीन उभ्या रेघा ओढाव्यात. पहिल्या रकान्यात मुलांकडूनच तेलुगू शब्द वदवून घ्यावेत: इक्कड, अक्कड, एक्कड. दुसऱ्यात मराठी: इथे, तिथे, कुठे. तिसऱ्यात हिअर, देअर, व्हेअर. ‘इकडे’ आणि ‘इक्कड’ यांचे साम्य एखादे पोर लगेच दाखवील. कुळे निराळी असली तरी ‘कड’ म्हणजे बाजू हा शब्द दोन्ही भाषांस ठाऊक आहे, एवढे त्यास सांगावे. आणि शेवटच्या बाकावर एखाद्या पाड्यावरून आलेला माडिया मुलगा बसला असेल, तर चौथी रेघ ओढून खडू त्याच्या हाती द्यावा. गावागणिक उच्चार थोडे बदलतील, पण तो बहुधा ‘इगा’, ‘अगा’, ‘बगा’ असे सांगेल. आणि ‘कोण’ विचारले तर ‘बोर’. मराठीचा ‘क’, तेलुगूचा ‘ए’, इंग्रजीची डब्ल्यू-एच आणि गोंडीचा ‘ब’ एका ओळीत उभे राहिले, म्हणजे पुढचे शब्द मुले स्वतःच भरू लागतात.